कयाधूकाठची समुद्रगीते: हिंगोलीची छावणी आणि साहेबांची गाणी

हिंगोलीहून अरबी समुद्र सरळ रेषेत चारशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. गावाजवळून वाहणारी कयाधू पावसाळ्यात दुथडी भरते आणि उन्हाळ्यात वाळूचा पट्टा होऊन पडते. तिच्यात शिडाचे गलबत कधी आले नाही, येणे शक्यही नव्हते. तरीही एकोणिसाव्या शतकाचा मोठा काळ या गावाशेजारी अशी माणसे राहत होती, ज्यांच्या गळ्यात समुद्राची गाणी होती. ती माणसे होती हिंगोली छावणीतील इंग्रज अधिकारी. त्यांची गाणी प्रेमाची, दारूची आणि दर्याची. त्या गाण्यांचा आणि या मुलखाचा संबंध वरवर दिसतो त्याहून बराच गुंतागुंतीचा आहे.

आधी छावणीविषयी. हैदराबादचा रेसिडेंट हेन्री रसेल याने १८१३ च्या सुमारास निजामाच्या पैशाने, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली चालणारी फौज उभी केली. तिला प्रथम रसेल ब्रिगेड म्हणत. पुढे निजामाची कंटिंजंट आणि १८५३ च्या तहानंतर हैदराबाद कंटिंजंट अशी तिची नावे रूढ झाली. बोलारम, औरंगाबाद, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, एलिचपूर म्हणजे अचलपूर, आणि हिंगोली ही तिची ठाणी. हटकरांचा नायक नोवसाजी याची नोव्ह्याची गढी १८१९ च्या जानेवारीत याच फौजेने घेतली. त्या लढाईचे नाव तिच्या पलटणी पुढे सन्मानाने मिरवीत राहिल्या.

या फौजेची रचना ध्यानात घेतल्याखेरीज गाण्यांची गोष्ट कळत नाही. पुण्याच्या किंवा सिकंदराबादच्या छावणीत गोऱ्या सोजिरांच्या अख्ख्या पलटणी असत. हिंगोलीत तसे नव्हते. कंटिंजंटमधले शिपाई आणि स्वार सगळे हिंदी. पलटणीमागे इंग्रज अधिकारी अगदी मोजके. म्हणजे इथल्या मेसमध्ये रात्री टेबलाभोवती जमणारी मंडळी एका हाताच्या नाही तरी दोन हातांच्या बोटांवर मोजता येईल इतकीच. बाहेर मराठी, दखनी उर्दू आणि तेलुगूचा परिसर. पुस्तके जुनी, पत्रे महिनोन्‌महिने उशिरा. अशा ठिकाणी गाणे ही केवळ करमणूक राहत नाही. स्वभाषा तोंडात टिकवून धरण्याचा तो एक मार्ग असतो.

या छावणीचा सर्वांत प्रसिद्ध रहिवासी फिलिप मेडोज टेलर. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या १८३९ च्या कादंबरीचा कर्ता, आणि पुढे ‘तारा’ ही मराठ्यांच्या इतिहासावरील कादंबरी लिहिणारा. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याचा हा मुलगा १८२४ मध्ये ‘अप्टन कॅसल’ नावाच्या जहाजातून मुंबईस आला. एप्रिलच्या मध्यास इंग्लंडचा किनारा सोडला आणि मुंबईचे बंदर दिसले ते सप्टेंबर उजाडल्यावर. त्याला सोळावे वर्षही पुरे झाले नव्हते. मुंबईतील ज्या पेढीत नोकरी करायची होती ती पेढी डबघाईला आलेली निघाली. मग नात्यातल्या एका बड्या अधिकाऱ्याच्या शब्दावर त्याला निजामाच्या फौजेत जागा मिळाली.

साडेचार महिने समुद्रावर! आज या प्रवासाची कल्पना करणे अवघड आहे. आफ्रिकेला वळसा घालून येणाऱ्या जहाजावर दोर ओढताना, नांगर उचलताना खलाशी ठेक्यात गात. एक जण कडवे उचलायचा, बाकीचे ध्रुपदाला जोर लावायचे. पाय आणि हात त्या ठेक्यावर चालायचे. आपल्याकडे मोट हाकताना, जात्यावर दळताना गाणे आणि श्रम जसे एकमेकांत विणलेले असत, तसाच हा प्रकार. हिंदुस्थानात येणाऱ्या प्रत्येक इंग्रजाच्या कानावर ही गाणी चार-पाच महिने पडलेली असत. समुद्र मागे राहिला तरी ती कानातून जात नसत.

श्रमाची गाणी वेगळी आणि दिवाणखान्यातील समुद्रगीते वेगळी. या दुसऱ्या प्रकाराचा बादशहा चार्ल्स डिब्डिन (१७४५–१८१४). खलाशाचे शौर्य, त्याचा भाबडेपणा, त्याचे एकनिष्ठ प्रेम असे सारे त्याने गाण्यांत बांधले. नौदलात भरती होण्यासाठी ही गाणी इतकी उपयोगी पडली, की १८०३ मध्ये सरकारने त्याला वर्षाला २०० पौंडांचे वेतन बांधून दिले. गंमत अशी, की या दर्याच्या शाहिराला दर्या मानवत नव्हता. १७८८ मध्ये तो हिंदुस्थानात नशीब काढण्यासाठी जहाजात बसला. वादळामुळे जहाजाला इंग्लंडच्याच किनाऱ्यावर टॉर्बेच्या खाडीत आसरा घ्यावा लागला. आणि साहेब तिथेच उतरून लंडनला परत गेले. त्याला इकडे बोलावणारा त्याचा थोरला भाऊ, कॅप्टन थॉमस डिब्डिन. त्या भावाच्या मृत्यूवर त्याने जे गाणे लिहिले ते ‘टॉम बोलिंग’. १७८९ पासून आजतागायत ते इंग्रजी समुद्रगीतांचा मुकुटमणी मानले जाते. त्या गाण्यामागे हिंदुस्थानचे आमंत्रण आणि हुकलेली हिंदुस्थानची सफर आहे, हे ते गाणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल.

टेलर इंग्लंड सोडून निघाला त्याच्या आदल्याच वर्षी, ८ मे १८२३ रोजी, लंडनच्या कोव्हेंट गार्डन नाट्यगृहात ‘क्लॅरी’ नावाची संगीतिका रंगमंचावर आली. तिच्यातले एक गाणे बघता बघता इंग्रजी बोलणाऱ्या जगभर पसरले. ते ‘होम, स्वीट होम’. शब्द जॉन हॉवर्ड पेन या अमेरिकन नाटककाराचे, संगीत हेन्री बिशपचे. घरासारखे दुसरे काही नाही, एवढाच त्याचा आशय. हे गाणे काव्य म्हणून सामान्य आहे. परंतु ज्याला आईचे पत्र यायला पाच महिने लागतात आणि उत्तर पोहोचायला आणखी पाच, त्याच्या दृष्टीने काव्यगुणांची चर्चा गौण ठरते. कंपनी सरकारच्या चाकरीतील पुष्कळ तरुणांना ते घर पुन्हा दिसलेच नाही.

आता दारूच्या गाण्यांकडे वळावे, कारण मेसमधील रात्र मुख्यतः त्यांचीच असे. जेवण उरकले की टेबलावरील चादर काढली जाई, बाटली डावीकडून फिरू लागे, राजाच्या नावाने पहिला प्याला आणि मग एकेकाने गायचे. गळा असो वा नसो, गाण्यावाचून सुटका नसे. बेन जॉन्सनच्या १६१६ च्या संग्रहातील शब्दांवर बांधलेले ‘ड्रिंक टु मी ओन्ली’ हे जुने गाणे प्रेमाचे आणि प्याल्याचे एकदमच. स्कॉटिश अधिकारी कंपनीच्या नोकरीत फार; त्यांच्यामुळे रॉबर्ट बर्न्सने १७८८ मध्ये लिहून काढलेले ‘ऑल्ड लँग साइन’ प्रत्येक निरोपाच्या रात्री ठरलेले. आज ते नववर्षाचे भावगीत वाटते. मुळात जुन्या मित्राने जुन्या मैत्रीखातर एक प्याला घ्यावा असे सांगणारे ते मद्यगीतच आहे.

इथे भाषेचा एक मोठा मौजेचा उलटा प्रवास दिसतो. इंग्रजी मद्यगीतांत पुन्हा पुन्हा येणारा ‘पंच’ हा पेय-प्रकार पाहा. प्रचलित व्युत्पत्तीप्रमाणे तो शब्द आपल्या ‘पाच’वरून गेला. अर्क, साखर, लिंबू, मसाला आणि पाणी असे पाच जिन्नस. १६३२ मधील कंपनीच्या पत्रव्यवहारातच तो सापडतो. स्कॉटलंडच्या थंडीत गरम पाणी आणि व्हिस्की मिसळून घेतात ती ‘टॉडी’. बर्न्सच्या काव्यातही ती आहे. टॉडी म्हणजे आपली ताडी. ताडाच्या झाडावरून उतरवलेल्या रसाचे नाव जहाजात बसून गेले आणि ताड जिथे उगवतच नाही अशा देशाच्या गाण्यात जाऊन बसले. एलिचपूरच्या किंवा हिंगोलीच्या मेसमध्ये एखादा स्कॉट टॉडीचे गाणे म्हणत असेल, तर बाहेर उभ्या असलेल्या खानसाम्याला त्यातला निदान एक शब्द तरी ओळखीचा होता.

या प्याल्यांचे पैसे कोण भरत होते, हा प्रश्न मात्र गाण्यांत कुठेच येत नाही. कंटिंजंटचा पगार निजामाच्या तिजोरीतून द्यायचा, तिजोरी रिकामी, म्हणून कर्ज, कर्ज फिटेना, म्हणून १८५३ मध्ये डलहौसीने निजाम नासिरुद्दौला याच्याकडून वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख लावून घेतला. पुढचे दोन मुलूख १८६० मध्ये परत गेले, वऱ्हाड राहिले. वऱ्हाडच्या काळ्या मातीतल्या कापसावर जो सारा बसला, त्यातून ही फौज पोसली गेली. हिंगोलीच्या मेसमधील इंग्लंडहून आलेली फिकट बिअर आणि बोर्दोची लाल दारू शेवटी अकोला-वाशीमच्या कुणब्याच्या घामाची होती. मद्यगीतांचा इतिहास लिहिताना इंग्रज लेखक हा हिशेब सहसा मांडीत नाहीत.

आणि मृत्यू. पटकी, ताप, आव यांनी तरुण माणसे दोन-तीन दिवसांत जात. संध्याकाळी सोबत जेवलेला सोबती दुसऱ्या दिवशी सूर्यास्तापूर्वी पुरावा लागे, कारण उष्म्यात थांबता येत नसे. या अनुभवातून एक भीषण मद्यगीत जन्मले. साथीत सापडलेल्या हिंदुस्थानातल्या छावणीत अधिकारी शेवटची मेजवानी करीत आहेत; आधी गेलेल्यांच्या नावाने एक प्याला आणि यापुढे जो जाईल त्याच्या नावाने जयघोष, अशी त्याची कल्पना. आयरिश कवी बार्थोलोम्यू डाउलिंग याच्या नावावर ते छापले जाते, पण इतरही दावेदार आहेत. हे गाणे पुढे पहिल्या महायुद्धातील वैमानिकांनी उचलले. दररोज कुणी तरी परत न येणाऱ्या त्यांच्या मेसमध्ये ते तंतोतंत बसले. ‘द डॉन पेट्रोल’ या हॉलिवूडच्या चित्रपटातून ते जगाने ऐकले. त्याचे मूळ पटकीच्या छावणीत आहे हे तोवर विसरले गेले होते.

मृत्यूची एक जात मात्र मेसमधल्या कुणाच्याही गाण्यात नव्हती, कारण तिची त्यांना गंधवार्ताच नव्हती. टेलर हिंगोलीत असताना छावणीच्या बाजारात हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित कापडव्यापारी होता. साहेबलोकांचा रोजचा व्यवहार त्याच्याशी. एकदा त्याने मुलकी कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडून मुंबईहून माल आणण्याचा परवाना घेतला. माल खरे तर दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचा, आणि तो वाटेवर होता. हरिसिंगाने त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना, बैल हाकणाऱ्यांना वाटेतच संपवले. साहेबाच्या परवान्यावर तो माल छावणीत आणला आणि उघड्या बाजारात साहेबांनाच विकला.

१८३२-३३ च्या सुमारास माफीच्या साक्षीदारांनी तोंड उघडले, तेव्हा हा हिंगोली भागातील ठगांचा म्होरक्या निघाला. छावणीच्या मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत, भर बाजारात खून झाले होते आणि प्रेते पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर पुरली होती. ती थडगी उकरली जात असताना टेलर स्वतः हजर होता. साक्षीदार शांतपणे एकेक जागा दाखवीत गेले. ज्या वर्षांत हे चालले होते त्याच वर्षांत मेसमध्ये दिवे लागत होते, बाटली डावीकडून फिरत होती. या एका उदाहरणावरून छावणी आणि गाव यांच्यातील अंतर कळते. शंभर यार्ड म्हणजे नव्वद-एक मीटर.

(ठगीविषयी इंग्रजांनी लिहिलेले सगळेच जसेच्या तसे स्वीकारू नये, असे आजचे अभ्यासक सांगतात आणि ते योग्यच आहे. पण हिंगोलीच्या थडग्यांबद्दल टेलर ऐकीव सांगत नाही. त्याने ती पाहिली होती.)

प्रेमगीतांची गोष्ट आणखी अडचणीची. पलटण ठाणे सोडून निघाली की बँड ‘द गर्ल आय लेफ्ट बिहाइंड मी’ची धून वाजवी, ही इंग्रजी फौजेची अठराव्या शतकापासूनची रीत. मागे राहिलेली मुलगी, हा त्या धुनीचा विषय. आपल्या पेशवाईतील लावणीत पती स्वारीवर हिंदुस्थानात गेलेला आणि घरची स्त्री विरहाने पोळलेली, हा प्रसंग किती तरी शाहिरांनी रंगवला आहे. विषय एकच, फरक इतकाच की लावणीत स्त्री बोलते आणि इंग्रजी कूचगीतात पुरुष. रामजोशी आणि होनाजी यांच्या श्रोत्यांत शिपाई बहुसंख्य होते, हे लक्षात घेतले तर दोन फौजांच्या करमणुकीतले हे साम्य योगायोगाचे वाटत नाही.

पण इंग्रजी गाण्यातली मागे राहिलेली मुलगी नेहमी विलायतेतली. हिंदुस्थानात अधिकाऱ्यांच्या घरी ज्या स्त्रिया नांदत होत्या, ज्यांना ‘बीबी’ म्हणत, त्यांना या गाण्यांत नाव नाही. खुद्द टेलरची पत्नी मेरी पामर ही हैदराबादचा सावकार विल्यम पामर याची मुलगी. विल्यमची आई फैज बख्श ही मोगल घराण्याशी संबंध सांगणारी बेगम. म्हणजे आजीच्या बाजूने मेरी हिंदी. १८४४ मध्ये ती वारली, आणि टेलर त्यानंतर तीन दशके जगूनही पुन्हा बोहल्यावर चढला नाही. अशा संसारावर एकही मेसगीत रचले गेलेले नाही. ते प्रेम गाण्याजोगे मानले जात नव्हते.

ही कोंडी फोडणारी गाणी पुढे शतकाच्या वळणावर आली, आणि तीही एका स्त्रीकडून. ॲडेला निकल्सन ही इंग्रज सेनानी माल्कम निकल्सनची पत्नी. १८९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ही दोघे होळकरांच्या मुलखातील महूच्या छावणीत होती. ‘लॉरेन्स होप’ या पुरुषी टोपणनावाने तिने १९०१ मध्ये ‘द गार्डन ऑफ काम’ हा कवितासंग्रह काढला. भाषांतरे असल्याचा आव आणून तिने त्यात हिंदी स्त्रीपुरुषांच्या तोंडी उघड वासना, समर्पण आणि मत्सर घातला. एमी वुडफर्ड-फिंडन या दुसऱ्या एका लष्करी पत्नीने त्यातील चार कवितांना १९०२ मध्ये चाली लावल्या. त्यांपैकी ‘काश्मिरी साँग’ने इंग्लंडातील दिवाणखाने वेडे केले. पियानो असलेल्या घरी ते गाणे असायचेच. १९२३ मध्ये मूकपटांचा नायक रुडॉल्फ व्हॅलेंटिनो यानेही ते तबकडीवर गायले.

कवयित्रीला हे यश पुरते पाहता आले नाही. १९०४ च्या ऑगस्टमध्ये पतीचे निधन झाले आणि दोनच महिन्यांनी, ४ ऑक्टोबरला, तिने मद्रासेत विष घेतले. वय ३९. तिच्या कवितेतील पौर्वात्यपणा आज बराच भडक वाटतो, आणि हिंदी प्रेयसी स्वतःला धुळीहूनही हलकी मानते ही कल्पना तर खटकतेच. तरीही मेसमधल्या गाण्यांनी जे कधी उच्चारले नव्हते ते तिने उच्चारले, हे नाकारता येणार नाही.

साहेबांची ही सुरावट हिंदी कानांपर्यंत पोहोचली ती बँडमुळे. कवायतीच्या मैदानावर, संध्याकाळी बँडस्टँडवर या धुनी रोज वाजत आणि वाजवणारे बहुधा हिंदी किंवा गोवेकर असत. सनई, संबळ, ताशा यांच्या सरावात वाढलेल्या हातांनी क्लॅरिनेट आणि कॉर्नेट धरले. शब्द कळण्याची गरज नव्हती. पलटणीतून सुटलेल्या वादकांनी गावोगावी खासगी बँड उभे केले आणि लग्नाच्या वरातीला पितळी वाद्यांची जोड मिळाली. मराठवाड्यातील वरातीपुढे चालणारा लाल डगल्याचा बँड हा थेट छावणीचा वारस आहे. त्याच्या खांद्यावरील झुपके आणि छातीवरील सोनेरी पट्ट्या त्याची साक्ष देतात.

उलट दिशेने साहेबांचे कान किती उघडे होते? फारसे नाहीत. टेलर त्याला अपवाद. १८६० च्या दशकात, आयर्लंडात स्थायिक झाल्यावर, कर्नल फ्रेंच यांनी रॉयल आयरिश अकॅडमीला दिलेल्या हिंदी वाद्यांच्या संग्रहाची त्याने वर्णनात्मक यादी केली. शिंग, कर्णा, सनई, सारंगी ही दख्खनची वाद्ये कोण वाजवतो, केव्हा वाजवतो, ऐकणाऱ्यावर काय परिणाम होतो, हे तो अनुभवाने लिहितो. सौरींद्रमोहन टागोर यांनी हिंदी संगीतावरील आपल्या संकलनात ती यादी पुन्हा छापली. हिंगोली-औरंगाबादच्या छावण्यांत काढलेल्या तरुणपणाचे हे उशिरा आलेले पीक.

छावणीपासून काही मैलांवर, त्याच कयाधूच्या काठी नरसी आहे. संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून वारकरी ते मानतात. नामदेवांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत. म्हणजे या मातीतले गाणे इंग्रजांच्या कितीतरी आधी पंजाबपर्यंत चालत गेले होते. कंटिंजंटमध्ये शीख होते, परदेशी होते, रोहिले होते, दखनी मुसलमान होते. त्यांतल्या एखाद्या शिखाला नरसीचे नाव ऐकून काय वाटले असेल, याचा विचार मनात येतो खरा.

१८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि समुद्र आक्रसला. साडेचार महिन्यांचा प्रवास महिन्याभरात आला. ‘मलबार’, ‘जमना’, ‘युफ्रेटिस’, ‘सेरापिस’, ‘क्रॉकोडाइल’ या पाच सरकारी जहाजांनी गोऱ्या पलटणींची ने-आण सुरू केली. नागपूरची रेल्वे १८६७ मध्येच पुरी झाली होती. हिंगोलीचा अधिकारी टांग्याने वाशीमवरून अकोल्याला जाई आणि तिथून आगगाडीने मुंबई गाठी.

मुंबईच्या अलीकडे नाशिकजवळ देवळाली लागे. मुदत संपलेल्या गोऱ्या सोजिरांना जहाज मिळेपर्यंत तिथे ठेवत. सैन्याची वाहतूक थंडीच्या महिन्यांतच चाले. ज्याची मुदत मार्चनंतर संपे त्याला पुढच्या हंगामापर्यंत थांबावे लागे. काम नाही, कवायत नाममात्र, ऊन भयंकर, खिशात साठलेला पगार आणि कँटीन समोर. माणसे पिऊन पिऊन भ्रमिष्टासारखी वागू लागत. फ्रँक रिचर्ड्स या सोजिराने १९३६ च्या आपल्या आठवणींत हे सविस्तर लिहिले आहे. या अवस्थेला सोजिरांनी नाव दिले ‘डूलाली टॅप’. डूलाली म्हणजे देवळाली. टॅप म्हणजे ताप. आपल्याकडे आई मुलाच्या कपाळावर हात ठेवून उच्चारते तोच शब्द. इंग्लंडात आजही वेडसर माणसाला ‘डूलाली’ म्हणतात, बहुतेकांना नाशिक जिल्हा माहीत नसताना.

घरी परतण्याच्या या आतुरतेला शब्द दिले मुंबईतच जन्मलेल्या रडयार्ड किपलिंगने. जे. जे. कलाशाळेच्या आवारात १८६५ च्या ३० डिसेंबरला त्याचा जन्म झाला. १८९२ च्या ‘बॅरक-रूम बॅलड्स’मध्ये सोजीर आपल्याच बोलीत बोलतो, आणि ‘ट्रूपिन’ ही त्यातली कविता मुदत संपलेल्यांच्या जहाजाचीच आहे. लंडनमध्ये किपलिंगच्या खोलीसमोर गॅटीचे म्युझिक हॉल होते. तिथला ठेका त्याच्या ओळींत शिरला. ‘मँडले’ला ओली स्पीक्स याने १९०७ मध्ये लावलेली चाल इतकी गाजली, की १९५८ मध्ये फ्रँक सिनात्राने ते जॅझच्या ढंगात गायले आणि किपलिंगच्या मुलीने हरकत घेतल्यामुळे ब्रिटनमधल्या तबकडीतून ते वगळावे लागले.

या जहाजांवर प्रत्यक्ष दोर कोण ओढत होते? शतकाच्या अखेरीस सरकारी जहाजे निवृत्त झाली आणि पी. अँड ओ. सारख्या कंपन्यांच्या आगबोटी भाड्याने घेतल्या जाऊ लागल्या. त्यांच्या डेकवर रत्नागिरीकडचे खलाशी, इंजिनघरात पंजाबी आणि पठाण, जेवणघरात गोवेकर. सारंग आणि टंडेल हे हुद्दे इंग्रजी जहाजी भाषेत तसेच गेले. स्टॅन ह्युगिल याने १९६१ मध्ये समुद्रावरील श्रमगीतांचा जो मोठा संग्रह छापला, त्यात इंग्रजी गाण्यांच्या जोडीला लष्करांचे, म्हणजे हिंदी खलाशांचे, हिंदुस्थानी गाणेही आहे. दर्यागीते गाणारे गोरे प्रवासी कठड्याशी टेकून उभे आणि जहाज चालवणारा कोकणी माणूस पायाखाली, हे चित्र लक्षात ठेवण्याजोगे आहे.

‘विलायत’ या शब्दाचे सोजिरांच्या जिभेवर ‘ब्लायटी’ झाले. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकांत तो शब्द घराघरांत पोहोचला. १९१६ च्या ‘टेक मी बॅक टु डिअर ओल्ड ब्लायटी’ या गाण्याने त्यावर शिक्कामोर्तब केले. त्या गाण्याच्या तीन कर्त्यांपैकी एक फ्रेड गॉडफ्री. त्याच्याच नावावर १९१७ चे ‘ब्लेस देम ऑल’ आहे. सोजीर अर्थातच त्याला ‘ब्लेस एम ऑल’ म्हणत, आणि ‘ब्लेस’च्या जागी दुसरा, छापता न येणारा शब्द घालीत. शब्दांची डागडुजी होऊन १९४० मध्ये जॉर्ज फॉर्म्बीने ते ध्वनिमुद्रित केले. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश फौजेचे ते लाडके गाणे ठरले. त्याची सुरुवातच मुंबईहून सुटणाऱ्या सैनिकी जहाजाने होते. जहाजात मुदत संपलेले शिपाई खच्चून भरलेले, आणि ते निघाले ब्लायटीला. देवळालीत जहाजाची वाट पाहणाऱ्या सोजिराची सगळी कहाणी त्यात आहे.

हिंगोलीपुरते पाहिले तर ही गाणी तोवर केव्हाच संपली होती. ५ नोव्हेंबर १९०२ च्या कराराने निजाम महबूब अली खान यांनी वऱ्हाड वर्षाला २५ लाख रुपयांच्या बदल्यात कायमच्या पट्ट्याने इंग्रजांना दिले. वऱ्हाड गेले तसे कंटिंजंटचे स्वतंत्र अस्तित्वही गेले. तिच्या पलटणी हिंदी फौजेत मिसळल्या, आणि १९०३ मध्ये हिंगोलीची छावणी मोडण्यात आली. गावात आगगाडी आली ती त्यानंतर. मेसमधली टेबले, बाटल्या, पियानो असलाच तर तो, सारे गाड्यांत घालून गेले. मागे राहिला कापसाचा बाजार आणि छावणीतील मृतांची दफनभूमी.

२८ फेब्रुवारी १९४८ रोजी मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाच्या कमानीतून सॉमरसेट लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन कूच करीत बाहेर पडली. हिंदुस्थान सोडणारी ही शेवटची ब्रिटिश पलटण. ‘एम्प्रेस ऑफ ऑस्ट्रेलिया’ हे जहाज तिची वाट पाहत होते. स्वतंत्र भारताच्या सैनिकांनी मानवंदना दिली आणि बँडने निरोपाची धून वाजवली. ती बर्न्सची ‘ऑल्ड लँग साइन’. वाजवणारे भारतीय होते. हिंगोली त्या दिवशी अजून निजामाच्या राज्यात होती. तिथे दुसराच लढा चालू होता, आणि तो संपायला सप्टेंबर उजाडायचा होता.